आईच्या कार्डावरची सहा अक्षरं

गेल्या पावसाळ्यात आई अंगणात घसरली आणि मनगट मोडलं. पडणं साधंच होतं, हाड मात्र खडूसारखं तुटलं. हाडांच्या डॉक्टरांनी वय विचारलं. ५१. मग विचारलं, "पाळी कधी बंद झाली?"

"सदतिसाव्या वर्षी पिशवी काढली ना," आई म्हणाली.

"आणि अंडाशयं? तीही काढली होती?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

घरी येऊन ट्रंक उपसली. जुन्या फाइलीत डिस्चार्ज कार्ड होतं, त्यावर निळ्या शाईत एक ओळ : 'टीएएच विथ बीएसओ'. मधलं 'विथ' सोडलं तर सहा अक्षरं. चौदा वर्षं ती आमच्या घरात होती आणि कुणालाच वाचता येत नव्हती. मी इतिहास शिकलेली मुलगी. वाचायला बसले, तर अक्षराअक्षराच्या मागे इतिहास निघाला.

'एच' म्हणजे हिस्टरेक्टमी, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. 'हिस्टेरा' हा गर्भाशयासाठीचा ग्रीक शब्द. 'हिस्टेरिया'सुद्धा त्यातूनच आला. बाईच्या डोक्यातल्या त्रासाचं खापर पोटातल्या पिशवीवर फोडायची सवय इतकी जुनी आहे.

'ए' म्हणजे अॅब्डॉमिनल, पोट उघडून. पण ठरवून केलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया पोटातून झालीच नव्हती. १८१३ साली जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये कॉनराड लांगेनबेक या सर्जनने योनीमार्गातून गर्भाशय काढलं. तेव्हा भूल नव्हती. मदतीला आलेल्या डॉक्टरला संधिवाताने जागचं उठता येईना, म्हणून रक्तवाहिनी बांधताना लांगेनबेकने दोऱ्याचं टोक दातांत धरलं, असं सांगतात. बाई वाचली, पण इतर डॉक्टरांचा विश्वास बसेना. २६ वर्षांनी ती वारली आणि शवविच्छेदन झालं, तेव्हा कुठे ते खरं ठरलं. त्या बाईला सगळं ठाऊक होतंच, पण तिचं सांगणं पुरावा म्हणून चाललं नसावं.

पोटाची वाट जास्त जीवघेणी ठरली. १८४३ मध्ये मँचेस्टरला चार्ल्स क्ले यांनी पोट उघडून गर्भाशय काढलं, रुग्ण दगावली. १८५३ मध्ये अमेरिकेत लोवेल इथे वॉल्टर बर्नहॅम यांची रुग्ण वाचली. पुढे भूल, निर्जंतुकीकरण, रक्त चढवणं आणि प्रतिजैविकं आली, तशी ही वाट रुळली.

'टी' म्हणजे टोटल : गर्भाशयासोबत त्याचं मुखही काढणं. आधी बरेच सर्जन मुख तसंच ठेवत, कारण ते काढताना मूत्राशयाला इजा आणि पोटात जंतुसंसर्ग होण्याची भीती असे. पण राहिलेल्या मुखाला पुढे कॅन्सर होऊ शकतो. १९२९ मध्ये एडवर्ड रिचर्डसन यांनी संपूर्ण गर्भाशय काढण्याची सोपी पद्धत मांडली आणि हळूहळू तोच रिवाज झाला.

पुढे दुर्बीण आली. १९८८ मध्ये अमेरिकेत हॅरी राइश यांनी पोटावरच्या छोट्या छिद्रांतून ही शस्त्रक्रिया केली. २००५ मध्ये तिथेच स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियांसाठी रोबोटला मान्यता मिळाली. पण नवं ते नेहमीच चांगलं, असं नाही. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये पोट उघडून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बायका जास्त जगल्या आणि दुर्बीण किंवा रोबोट वापरल्यावर कमी, असं २०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं. उलट कॅन्सर नसेल आणि शक्य असेल, तर लांगेनबेकची ती जुनी योनीमार्गाची वाट आजही बहुधा सगळ्यांत सोयीची मानतात : पोटावर टाका नाही, बाई लवकर उठते. अंग बाहेर आलेलं नसतानाही हा मार्ग वापरता येतो, हे मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांनी आग्रहाने मांडलं.

राहिलं 'बीएसओ' : दोन्ही बाजूंच्या अंडनलिका आणि अंडाशयं काढणं. इथे मी थांबले. १८७२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बॅटी यांनी पाळीच्या आणि 'मनाच्या' तक्रारींवर इलाज म्हणून निरोगी अंडाशयं काढायला सुरुवात केली. काही वर्षं त्याची लाटच आली होती. अंडाशयं गेली की पाळी येण्याचं वय कितीही शिल्लक असो, शरीर एका रात्रीत रजोनिवृत्तीत जातं. घामाच्या लाटा येतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात.

आईच्या फाइलीत तपासणीचा रिपोर्टही होता. गर्भाशयात गाठी, अंडाशयं मात्र निरोगी.

"तुला सांगितलं होतं?"

"तेव्हा अंगावरून इतकं जायचं, की कुणी काहीही काढतो म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. सही तुझ्या बाबांनी केली."

हे आमच्या घरापुरतं नाही. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली, असं २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या तरुण बायका होत्या. मुकादमाची उचल अंगावर, एक खाडा पडला तरी पैसे कापणार, फडात ना पाणी ना संडास. अशा ठिकाणी पाळी हीच अडचण होते.

याच मातीत दुसरा इतिहासही आहे. गोव्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायकांसाठी गर्भाशय न काढता ते वर टांगून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया शोधल्या. गाठी असल्या तर फक्त गाठी काढता येतात. अतिरक्तस्रावावर गोळ्या असतात, हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू गर्भाशयात बसवता येते. कधी काढणंच योग्य असतं, जीवही वाचतो. पण ते कळायला आधी पर्याय कानावर पडावे लागतात.

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. डॉक्टर म्हणतात, पिशवी काढून टाका. आईने फोन स्पीकरवर टाकला, प्लास्टर निघालेल्या हाताने वही ओढली आणि लिहिलेलं वाचायला लागली.

"हे बघ, विचारून घे. न काढता भागेल का? काढायचीच तर कुठून काढणार? मुख ठेवणार का? अंडाशयं ठेवणार का, नाही तर का नाही?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि सही तू स्वतः कर. वाचून."