फावड्याचं कुलचिन्ह

युरोपातल्या खानदानी माणसाची ढाल पाहावी, तर तिच्यावर बहुधा एखादा सिंह मागच्या पायांवर उभा राहून जीभ काढत असतो. सिंह नसलाच तर गरुड. म्युनिकच्या सेडलमायर या बिअरवाल्या घराण्याच्या चिन्हात मात्र फावडं आहे. साधं फावडं! मोड आलेले सातू वरखाली करायचं.

बरं, तेही मूळचं त्यांचं नव्हे. १६२२ ते १७०४ या काळात त्या भट्टीचे मालक होते श्पेट नावाचे. फावड्याला जर्मन भाषेत म्हणतात श्पाटन. नावावर कोटी करण्याची हौस ही काही आपल्याच लोकांची मक्तेदारी नव्हे! श्पेट गेले, कोटी राहिली. १८०७ साली राजदरबाराच्या भट्टीतले उस्ताद गाब्रिएल सेडलमायर यांनी ही भट्टी विकत घेतली. पुढे १८८४ मध्ये ओटो हुप या कुलचिन्हांच्या नामांकित चित्रकाराने फावड्याचं चिन्ह रेखून दिलं आणि त्यावर जी. एस. ही अक्षरं बसली. जुन्या बाजारातून पातेलं आणून त्यावर आपलं नाव घालून घ्यावं, तसा प्रकार.

माझं विचाराल तर त्या फावड्याशेजारी एक काठीही हवी होती. १८३३ साली धाकटे गाब्रिएल आणि त्यांचे व्हिएन्नाकडचे दोस्त अंटोन ड्रेहर इंग्लंड-स्कॉटलंडच्या भट्ट्या पाहायला गेले. हातात सभ्य गृहस्थाची काठी. पण आतून पोकळ, टोकाला झडप. यजमानाची पाठ वळली रे वळली, की काठी पिंपात! मग खोलीवर येऊन त्या चोरट्या घोटाची मोजमापं. १८४१ साली दोघांनीही आपापल्या गावी नव्या तर्‍हेची बिअर काढली. आपल्याकडच्या एखाद्या कुलवृत्तांतकाराने या प्रवासाची नोंद 'ज्ञानार्जनार्थ विलायतगमन' अशीच केली असती.

पण घ्यायला जेवढा चलाख, तेवढाच द्यायला सढळ असा हा माणूस. १८४५ मध्ये डेन्मार्कचे याकोबसेन त्यांच्याकडून यीस्ट घेऊन निघाले. घोडागाडीचा तो लांबलचक प्रवास. डबे उंच टोपीखाली ठेवलेले म्हणे, आणि वाटेत जिथे थांबा मिळेल तिथे त्यांना गार पाणी पाजायचं. तान्ह्या पोराची एवढी बडदास्त कोण ठेवतो हो! त्या यीस्टवर पुढे कार्ल्सबर्ग उभी राहिली. लिंडे नावाच्या प्राध्यापकांचं गारवा करणारं यंत्रही १८७३ च्या सुमारास आधी याच भट्टीत चालवून पाहिलं गेलं. नवं यंत्र आपल्या घरात प्रथम आणू देणारा कारखानदार मला काठीवाल्यापेक्षा धाडसी वाटतो.

१९९७ साली म्युनिकच्याच लोवेनब्रॉय या भट्टीशी सोयरीक झाली. लोवे म्हणजे सिंह. तर शेवटी सिंहही घरात आला, आणि जोडनावात फावडं आधी लागलं. २००३ मध्ये दोघांचाही सौदा एका बेल्जियन कंपनीशी ठरला. फावड्यावरची जी. एस. ही अक्षरं मात्र कोणी खरवडली नाहीत.