प्लास्टिक-रबर मिश्रणे : घडण व प्रवाह

तापवल्यावर वितळणाऱ्या कठीण प्लास्टिकमध्ये रबर मिसळून केलेली बहुवारिके. मोटारींचे बंपर, फ्रिजमधले पांढरे अस्तर, हेल्मेटचे कवच ही नेहमीची उदाहरणे. मिश्रण म्हटले तरी यातले घटक सहसा एकमेकांत विरघळत नाहीत. लांब साखळ्यांच्या रेणूंना एकत्र येऊन एन्ट्रॉपीचा लाभ फारच थोडा होतो, म्हणून किंचित नावड असली तरी ते विलग राहतात. फ्लोरी आणि हगिन्स यांनी १९४२ च्या सुमारास याचे गणित मांडले. उपयोगी गुण या विलगपणातूनच येतात.

घडण : सामान्यतः प्लास्टिक ही सलग प्रावस्था असते आणि रबराचे सूक्ष्म कण तिच्यात विखुरलेले असतात. आघात-सह पॉलिस्टायरिनमध्ये पॉलिब्युटाडाइन साधारण ५ ते १० टक्के असते. त्याचे कण मायक्रोमीटरच्या घरातले असून कणांच्या पोटातही पॉलिस्टायरिनचे थेंब अडकलेले असतात. तडाखा बसला की कणांभोवती असंख्य बारीक तडे निघतात आणि ऊर्जा त्यांत खर्ची पडते. असा तुकडा वाकवला की पांढरा पडतो, तो यामुळेच. नायलॉन मात्र मुख्यतः तडे न जाता जागीच ताणले जाते. तिथे निर्णायक ठरते ते शेजारच्या दोन कणांमधले अंतर. ते सुमारे ०.३ मायक्रोमीटरच्या खाली आले की चिवटपणा एकदम वाढतो, असे वू यांनी १९८५ मध्ये दाखवले.

प्रवाह : कण किती बारीक होतील हे एक्स्ट्रूडरमध्ये ठरते. कर्तन थेंबाला ताणते, पृष्ठताण त्याला पुन्हा गोल करू पाहतो. ही ओढाताण जी. आय. टेलर यांनी १९३४ मध्ये साध्या द्रवांवर अभ्यासली. थेंबाची श्यानता भोवतालच्या द्रवाच्या सुमारे चौपटीहून अधिक असेल, तर निव्वळ कर्तनाने तो फुटतच नाही. प्रवाहात लांबवणारा ताण असावा लागतो. घट्ट रबर पातळ पॉलिप्रोपिलीनमध्ये घालून स्क्रूचा वेग वाढवत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. फुटलेले थेंब वितळात पुन्हा जुळतातही. साच्यात भिंतीलगतचे कण प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन थिजतात, गाभ्यातले गोल राहतात. म्हणून एकाच पोत्यातल्या दाण्यांचे दोन साच्यांतले भाग वेगळे वागू शकतात, आणि नुसत्या कृतीवरून मालाची पारख होत नाही.

रबराचे प्रमाण वाढत गेले की एका टप्प्यावर प्रावस्थांची अदलाबदल होते आणि रबर सलग होते. मिसळतानाच रबर व्हल्कनाइज केले, तर प्रमाणाने अधिक असूनही ते कणरूपच राहते. कोरन आणि पटेल यांनी मोन्सँटोत विकसित केलेले असे पदार्थ १९८१ पासून सँटोप्रीन नावाने विकले जाऊ लागले. मंद कर्तनात हा वितळ जवळजवळ अडून बसतो, वेगवान कर्तनात मात्र झपाट्याने पातळ होतो. साहजिकच कमी कर्तनात मोजलेला एमएफआय (वितळ-प्रवाह निर्देशांक), एकच आकडा असल्याने, इथे फसवा ठरतो.

साध्या रबराहून हे पदार्थ कुठे वेगळे पडतात ते एका उदाहरणावरून दिसते. पवनी तालुक्यातील वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. अशा दरवाजांच्या कडांना पाणी रोखणाऱ्या रबरी पट्ट्या असतात. ते पूर्ण व्हल्कनाइज झालेले रबर असल्याने झिजलेली पट्टी वितळवून नवी करता येत नाही. सँटोप्रीनसारख्या पदार्थांत सलग प्रावस्था प्लास्टिकची असल्याने ते पुन्हा वितळतात. नेमके याच गुणामुळे ते सतत दाबाखाली व उष्णतेत रबराइतके टिकाऊ ठरत नाहीत.

पवनीच्या परिसराला जवळचे रसायन-तंत्रशिक्षण नागपूरच्या लक्ष्मीनारायण संस्थेत (स्थापना १९४२) मिळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर आणि पुढे आशिष लेले यांनी बहुवारिकांच्या प्रवाहविज्ञानावर काम केले.

भंगार बंपर दळून पुन्हा वापरताना दर फेरीत प्लास्टिकच्या साखळ्या तुटतात आणि त्याची श्यानता घटते. रबराच्या श्यानतेशी असलेले गुणोत्तर त्यामुळे बिघडते, कण जाडे होतात आणि चिवटपणा उतरतो. चढलेला एमएफआय पाहून माल सुधारला असे समजू नये.