तीनशे प्रकरणांचा एक गुन्हा

स्वीडनच्या पोलीस दलाच्या इतिहासात १९६५ हे साल दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. तोवर स्थानिक नगरपालिकांच्या अखत्यारीत असलेले पोलीस त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून केंद्रीय शासनाच्या एकाच यंत्रणेत आले, आणि त्याच वर्षी माय शोवाल व पेर वाल्यो या लेखक-जोडप्याची ‘रोझाना’ ही कादंबरी प्रसिद्ध होऊन मार्टिन बेक हा पोटाच्या विकाराने हैराण, मितभाषी पोलीस अधिकारी वाचकांसमोर आला. या नव्या यंत्रणेचे वाभाडे पुढे बेकच्याच कथांतून निघावेत, हा योगायोग मोठा मार्मिक म्हणावा लागेल.

शोवाल आणि वाल्यो हे दोघे मार्क्सवादी होते. मुले झोपल्यावर रात्री बसून एकेकाने एकेक प्रकरण लिहायचे, प्रत्येक पुस्तकाची तीस प्रकरणे करायची आणि दहा पुस्तकांत मिळून तीनशे प्रकरणांची एकच कादंबरी सिद्ध करायची, अशी त्यांची आखणी होती, आणि ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ या समान उपशीर्षकातला गुन्हा हा त्यांच्या लेखी कल्याणकारी राज्याने, म्हणजे नागरिकाच्या जन्मापासून मरणापर्यंतची काळजी वाहण्याची हमी देणाऱ्या शासनाने, कामगारवर्गाशी केलेली प्रतारणा हा होता. मात्र हा आरोप सुरुवातीच्या पुस्तकांत जवळजवळ दिसत नाही. ‘रोझाना’त योता कालव्यातला गाळ उपसणाऱ्या यंत्राच्या बादलीतून एका तरुणीचे प्रेत वर येते, ती कोण हे कळायलाच अनेक आठवडे जातात, आणि पुढे ती ज्या बोटीवर होती तिच्यावरच्या प्रवाशांनी सहलीत काढलेली छायाचित्रे व चित्रफिती देशोदेशींहून मागवून, त्यांतला एकेक चेहरा ओळखत तपास पुढे सरकतो. ज्या पोलीस तपासकथेत एकट्या बुद्धिमान गुप्तहेराऐवजी कंटाळलेल्या, एकमेकांवर चिडणाऱ्या सहकाऱ्यांचा गट काम करतो, तिचा हा अस्सल नमुना होय. वाचकाला चटक लागली ती या माणसांची: बेकचा संसार हळूहळू मोडतो, त्याचा जिवलग सहकारी कोलबेरी नवव्या पुस्तकात नोकरीचा राजीनामा देतो, आणि त्यांचे पुढे काय झाले या ओढीने पुढचे पुस्तक हाती घेणाऱ्याला लेखकांचे राजकारणही आपसूक पचवावे लागते. वाल्यो १९७५ मध्ये वारला. त्याच वर्षीच्या दहाव्या आणि अखेरच्या पुस्तकात स्वीडनच्या पंतप्रधानाचा गोळी घालून खून होतो, आणि अकराच वर्षांनी, १९८६ मध्ये, खरोखरीचे पंतप्रधान उलोफ पाल्मे यांची स्टॉकहोमच्या भर रस्त्यात हत्या झाली.

चित्रपटांनी यातली माणसे उचलली. राजकारण मात्र क्वचितच. १९७३ च्या अमेरिकी ‘द लाफिंग पोलिसमन’ने कथा सॅन फ्रान्सिस्कोला हलवून बेकचे नावही बदलले; बू विडरबेरी यांच्या १९७६ च्या चित्रपटाने मात्र पोलिसी क्रौर्याचा मुद्दा टिकवला. १९९७ पासून पीटर हाबर यांना बेकच्या भूमिकेत घेऊन निघालेल्या, ४० हून अधिक चित्रपटांच्या मालिकेने मूळ कथानके सोडून केवळ पात्रे ठेवली. त्यांतही तिसऱ्या पुस्तकात प्रथम आलेला बेकचा दांडगट सहकारी गुन्वाल्ड लार्सन एवढा लोकप्रिय झाला की पुस्तकांतून शेवटपर्यंत जिवंत सुटलेल्या या माणसाला २०१६ मध्ये पडद्यावर मरण आले, तेव्हा त्या चित्रपटाला नाव त्याचेच दिले गेले.