श्रमदानाआधीचे श्रम : ग्रँड कॅन्यनमधील एका वाटेचा इतिहास

१/ अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने कोरलेल्या ग्रँड कॅन्यनमध्ये स्वयंसेवकांच्या लहान तुकड्या तंबू ठोकून मुक्काम करतात आणि पहार, कुदळ, फावडे घेऊन पायवाटा दुरुस्त करतात. या कामाचा मोबदला त्यांना मिळत नाही. आपल्याकडे यासाठी श्रमदान हा नेमका शब्द आहे. परंतु या दरीतील वाटांना दान म्हणून श्रम मिळू लागले ते फार उशिरा. त्याआधीचे श्रम कोणाचे होते आणि त्यांची किंमत कोणी मोजली, हे ब्राइट एंजल या वाटेच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

२/ ही वाट जेथे आहे तेथेच का झाली, याचे उत्तर भूगर्भात आहे. दरीच्या भिंतीत रेडवॉल नावाच्या चुनखडीचा शेकडो फूट उंचीचा उभा कडा आहे. मैलोन्‌मैल त्यातून खाली उतरता येत नाही. ब्राइट एंजल येथे मात्र प्रस्तरभंगामुळे खडक तुटून सरकले, कडा खचला आणि उतरण्याजोगी घळ तयार झाली. दक्षिण काठापासून नदीपर्यंत सुमारे १२.५ किलोमीटरची ही वाट जवळजवळ १,३०० मीटर खाली उतरते. निम्म्या वाटेवर बारमाही झरा आहे.

३/ ही घळ आणि हा झरा हावासुपाई लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. झऱ्याच्या पाण्यावर ते शेती करीत आणि हिवाळ्यात काठावरील पठारावर शिकारीला जात. म्हणजे वाट त्यांच्या रोजच्या वापराची होती आणि तिची निगाही त्या वापरातूनच राखली जात होती. १८८२ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांच्यासाठी पश्चिमेकडील एका उपदरीत अवघी ५१८ एकरांची राखीव भूमी ठरवली. झऱ्याकाठची शेते आणि पठार त्या सीमेबाहेर राहिले.

४/ १८९०-९१ च्या सुमारास राल्फ कॅमेरॉन आणि त्याच्या सोबत्यांनी खाणींच्या शोधात हीच वाट रुंद केली. खनिजापेक्षा पर्यटक अधिक फायद्याचे आहेत हे कॅमेरॉनने लवकरच ओळखले. १९०३ पासून त्याने वाटेवर टोल बसवला : स्वारामागे एक डॉलर. पुढे १९०८ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी दरीला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, तेव्हा कॅमेरॉनने खाणींच्या हक्काच्या आधारे त्याला आव्हान दिले. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल सरकारच्या बाजूने दिला. तोपर्यंत, १९१९ मध्ये, ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाले होते.

५/ खटला संपला तरी ब्राइट एंजल वाट उद्यानाच्या हाती आली नाही. तिचा ताबा स्थानिक काउंटीकडे होता. अखेर उद्यान सेवेने १९२४-२५ मध्ये पूर्वेकडे साउथ कायबॅब ही स्वतःची स्वतंत्र वाट खोदून काढली. ती घळीतून न जाता डोंगरसोंडेवरून उतरते. तिच्यावर पाणी नाही आणि सावलीही फारशी नाही. आज तेथून उतरणाऱ्या पांथस्थाला उन्हाचा जो ताप होतो, त्याचे मूळ असे एका टोलाच्या भांडणात आहे. ब्राइट एंजल वाट उद्यानाला मिळाली ती १९२८ मध्ये.

६/ १९२८ हे वर्ष आणखी दोन कारणांसाठी लक्षात ठेवावे. याच वर्षी कोलोरॅडोवरचा कायबॅब झुलता पूल पूर्ण झाला. त्याचे मुख्य पोलादी दोर प्रत्येकी जवळजवळ एक टन वजनाचे होते. ते खेचरांवर लादता येईनात, तेव्हा हावासुपाई मजुरांनी लांब रांग धरून ते खांद्यावरून दरीत उतरवले. आणि याच वर्षी झऱ्याकाठच्या शेतांवरील शेवटच्या हावासुपाई रहिवाशाला उद्यानाने तेथून हलवले. दोर वाहण्यासाठी जे लोक हवे होते, त्यांनाच झऱ्याकाठी राहण्याची मुभा उरली नाही.

७/ मुळात अशा वाटेला एवढे मनुष्यबळ लागते तरी कशाला? दरीतील वाट एकदा बांधून भागत नाही. हिवाळ्यात काठाजवळ फटींतले पाणी गोठते, फुगते आणि दगड सैल करते. खेचरांच्या खुरांनी मातीचा भुगा होतो. जुलै ते सप्टेंबर या काळात वळवासारख्या सरी कोसळतात आणि पाणी वाटेलाच ओढा समजून धावते. म्हणून वाटेवर तिरपे दगड रोवून पाणी कडेला वळवावे लागते, खालच्या अंगाला चुन्याविना रचलेल्या दगडी भिंती सावराव्या लागतात आणि वाहून गेलेली माती पुन्हा भरावी लागते. दोन-चार पावसाळे हे काम थांबले, तर वाटेची घळ होते.

८/ हे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते महामंदीत. १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर ही योजना सुरू केली. १८ ते २५ वयाच्या अविवाहित, बेरोजगार तरुणांना छावणीत राहणे, जेवण, कपडे आणि महिना ३० डॉलर मिळत. त्यांपैकी २५ डॉलर थेट घरी पाठवले जात. हातात उरत ते पाच डॉलर. कुटुंबाची चूल पेटती राहावी म्हणून आलेली ही मुले होती. त्यांतील अनेकांनी असा डोंगर पूर्वी पाहिलाही नव्हता.

९/ कोअरच्या ८१८ क्रमांकाच्या कंपनीने हिवाळ्यात दरीच्या तळाशी, फँटम रँचजवळ, मुक्काम केला. ब्राइट एंजल वाट नदीपाशी पोहोचत होती, पण तेथून पुलापर्यंत नदीकाठाने जाता येत नव्हते. मधला सुमारे दोन मैलांचा कातळ या तरुणांनी सुरुंग लावून आणि हातांनी फोडला. १९३६ मध्ये खुली झालेली ही रिव्हर ट्रेल उद्यानातील सर्वांत अवघड बांधकामांपैकी एक मानली जाते. दुसऱ्या महायुद्धात रोजगार आणि सैन्यभरती दोन्ही वाढली, आणि १९४२ मध्ये ही योजना संपली.

१०/ युद्धानंतर पर्यटक वाढले, निधी मात्र वाढला नाही. १९५३ मध्ये बर्नार्ड डीव्होटो या इतिहासकाराने ‘हार्पर्स’ मासिकात उपरोधाने लिहिले की, सांभाळण्याइतका पैसा देता येत नसेल तर राष्ट्रीय उद्याने बंदच करावीत. तो लेख वाचून एलिझाबेथ कुशमन या विद्यार्थिनीने १९५५ मध्ये आपल्या प्रबंधात विद्यार्थ्यांच्या स्वयंसेवी दलाची कल्पना मांडली. १९५७ मध्ये ५३ स्वयंसेवक ऑलिंपिक आणि ग्रँड टीटॉन या उद्यानांत दाखल झाले. त्यातून पुढे स्टुडंट कॉन्झर्व्हेशन असोसिएशन ही संस्था उभी राहिली.

११/ सरकारने १९७० मध्ये उद्यानांतील स्वयंसेवकांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यातील तरतुदी वाचण्यासारख्या आहेत. स्वयंसेवकाला प्रवास, निवास, भोजन यांचा खर्च देता येतो. कामावर इजा झाल्यास कर्मचाऱ्याप्रमाणे भरपाई मिळते. मात्र तशा कामात कुशल नसल्यास त्याला जोखमीच्या कामावर नेमता येत नाही, आणि त्याला घेऊन एखाद्या पगारी कर्मचाऱ्याची जागा घालवताही येत नाही. फुकट मिळणारे श्रम पगारी श्रमांना हुसकावून लावतात, ही भीती कायदा करणाऱ्यांना ठाऊक होती. अपुऱ्या निधीतून जन्मलेल्या चळवळीला हे कुंपण आवश्यकच होते.

१२/ याच काळात १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने संरक्षित रानात यंत्रे आणि मोटारींचा वापर जवळजवळ बंद केला. त्यामुळे दरीखोऱ्यांतल्या अनेक वाटांवर आजही घण, पहार आणि हातकरवत यांनीच काम चालते, आणि जड सामान खेचरे वाहतात. वाट रस्त्यापासून दूर असल्याने रोज ये-जा करणे परवडत नाही, म्हणून मुक्काम तेथेच. उन्हाळ्यात तळाशी पारा ४० अंशांपलीकडे जातो, म्हणून कामाचा हंगाम आणि वेळ उन्हाच्या कलाने ठरवावी लागते. हावासुपाईंनाही ऋतूप्रमाणेच दरीत उतरावे आणि पठारावर चढावे लागे.

१३/ १९७५ च्या कायद्याने हावासुपाईंना सुमारे १,८५,००० एकर भूमी परत मिळाली. झऱ्याकाठची जुनी शेते मात्र उद्यानातच राहिली. त्या जागेला दीर्घकाळ ‘इंडियन गार्डन’ म्हणत. जमातीच्या मागणीवरून नोव्हेंबर २०२२ मध्ये तिचे नाव अधिकृतपणे ‘हावासुपाई गार्डन्स’ झाले. जमीन परत आली नाही, पण ती कोणाची होती हे आता नकाशावर लिहिलेले आहे.

१४/ स्वेच्छेने दगड रचणाऱ्याचे श्रम मोलाचेच आहेत. पण त्याला दान करता येते, कारण त्याच्या घरची चूल त्या दिवशी दुसऱ्या कमाईवर पेटलेली असते. १९३३ च्या तरुणाला ती सवलत नव्हती, आणि १९२८ मध्ये पोलादी दोर वाहणाऱ्यांना तर नव्हतीच. आज स्वयंसेवक एखादी भिंत सावरतो, तेव्हा तिच्या खालच्या थरांत या सर्वांचे हात असतात. वाटेवरून उतरणाऱ्याने पायाखालच्या दगडांकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ झाले.