माधव श्रीहरी अणे

माधव श्रीहरी अणे ऊर्फ लोकनायक बापूजी अणे (जन्म : २९ ऑगस्ट १८८०, वणी, मृत्यू : २६ जानेवारी १९६८) हे वऱ्हाडातील वकील, लोकमान्य टिळकांचे अनुयायी, काँग्रेसचे नेते, संसदपटू व संस्कृत कवी होते. १९३३ साली ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य, श्रीलंकेतील (तत्कालीन सिलोन) भारत सरकारचे प्रतिनिधी, बिहारचे राज्यपाल आणि नागपूरचे खासदार अशी पदे त्यांनी भूषविली. कारावास आणि सरकारी पद या दोन्हींचा अनुभव घेतलेल्या त्या पिढीतील मोजक्या पुढाऱ्यांत त्यांची गणना होते.

जन्म, शिक्षण व वकिली

अणे यांचे जन्मगाव वणी हे आज यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. (नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडाजवळचे वणी ते हे नव्हे.) त्यांच्या जन्माच्या वेळी मात्र जिल्ह्यालाच वणीचे नाव होते, १९०५ मध्ये ते बदलून यवतमाळ असे झाले. घरात संस्कृत विद्येची परंपरा होती व तिचा ठसा अणे यांच्यावर अखेरपर्यंत राहिला. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात त्यांचे उच्च शिक्षण झाले. १९०४ ते १९०७ या काळात त्यांनी अमरावतीच्या काशीबाई खाजगी हायस्कुलात अध्यापन केले. कायद्याची पदवी घेऊन १९०८ पासून ते यवतमाळ येथे वकिली करू लागले.

त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना मंडालेला पाठविण्यात आले. वऱ्हाडात टिळकपक्षाचे बळ मोठे होते आणि अणे त्या पक्षाचे यवतमाळातील आधारस्तंभ बनले. होमरूल चळवळीत ते अग्रभागी होते. १९२१ ते १९३० या काळात ते वऱ्हाड प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्ष होते.

प्रतिसहकार

अणे यांचे राजकारण समजून घ्यायचे तर ‘प्रतिसहकार’ ही कल्पना ध्यानात घेणे आवश्यक आहे. सरकार जितके देईल तितके स्वीकारावे, त्याचा लोकहितासाठी उपयोग करावा आणि उरलेल्यासाठी झगडत राहावे, असा विचार टिळकांनी १९१९च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळी मांडला होता. गांधीजींच्या असहकाराशी त्याचा मेळ बसणारा नव्हता. १९२५ साली वऱ्हाडचेच श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्यप्रांताच्या गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली तेव्हा स्वराज्य पक्षात फूट पडली. मुकुंदराव जयकर, न. चिं. केळकर, डॉ. मुंजे आणि अणे हे प्रतिसहकारवादी गटात गेले. अणे मध्यवर्ती विधिमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसत. वऱ्हाड कायद्याने निजामाच्या मालकीचा, परंतु इंग्रजांच्या कायमच्या पट्ट्यावर असल्याने या प्रांताच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्नही वकिली बुद्धीला खाद्य पुरविणाराच होता. १९२८ च्या नेहरू समितीत ते सदस्य होते व तिच्या अहवालावर त्यांची स्वाक्षरी आहे.

मतभेद असूनही चळवळीचा प्रसंग आला की अणे मागे राहिले नाहीत, हा त्यांच्या चरित्राचा विशेष मानावा लागेल. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यातील दहिहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करण्यात आले. पण यवतमाळसारख्या जंगलाच्या जिल्ह्यात लोकांना रोज जाचणारा कायदा मिठाचा नसून वनांचा होता. राखीव जंगलातील गवत व जळाऊ लाकूड यांवरील निर्बंध शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोचत होते. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे अणे यांनी स्वयंसेवकांच्या तुकडीसह राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला आणि कारावास पत्करला. त्यानंतर जिल्ह्यात जंगल सत्याग्रहाची लाट उसळली. त्याच महिन्यात डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनीही यवतमाळजवळ सत्याग्रह करून शिक्षा भोगली. दांडीची कथा पाठ्यपुस्तकांत सविस्तर असते. विळ्याने झालेला हा कायदेभंग मात्र विदर्भाबाहेर फारसा ठाऊक नाही.

काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष

अणे यांच्या निःपक्षपाती वृत्तीवर काँग्रेसचा विश्वास होता. १९३१ मध्ये सुभाषचंद्र बोस व जतींद्रमोहन सेनगुप्त यांच्या गटांतील बंगालचा तंटा सोडविण्यासाठी त्यांनाच लवाद नेमण्यात आले. १९३३ साली प्रमुख नेते तुरुंगात असताना हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मे महिन्यात गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण आरंभिले व त्यांच्या सल्ल्याने अणे यांनी सविनय कायदेभंग तात्पुरता थांबविला. जुलैमध्ये पुण्यात झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीनंतर सामुदायिक कायदेभंग बंद करून वैयक्तिक सत्याग्रहाला मोकळीक देणारे पत्रकही त्यांच्याच सहीने निघाले. मागे घेतलेल्या चळवळीचे श्रेय कोणाला मिळत नाही, दोष मात्र मिळतो. तो अणे यांच्या वाट्याला आला.

१९३२ च्या जातीय निवाड्याविषयी काँग्रेसने स्वीकारही नाही व नकारही नाही अशी भूमिका घेतली. ती अमान्य असल्याने पंडित मदनमोहन मालवीय व अणे यांनी १९३४ मध्ये काँग्रेस राष्ट्रीय पक्ष स्थापन केला.

व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ

१९४१ साली अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. प्रतिसहकाराच्या तत्त्वाशी हे सुसंगत होते. परंतु काळ बदललेला होता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू झाले तेव्हा ते मंडळातच होते. १६ ऑगस्टला चिमूर येथे उठाव झाला आणि त्यानंतरच्या दडपशाहीत स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. चौकशीची मागणी घेऊन सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी नोव्हेंबरमध्ये दिल्लीला गेले व अणे यांच्याच निवासस्थानी उपोषणास बसले. चिमूर विदर्भातले, दिल्लीच्या सत्तेत बसलेला विदर्भाचा माणूस अणे. भन्साळींचा हिशेब साधा होता. त्यांना तेथून हलविण्यात आले. त्यांचे उपोषण ६३ दिवसांनी, १९४३ च्या जानेवारीत, प्रांतिक सरकारशी झालेल्या तडजोडीने सुटले. कार्यकारी मंडळातील पदाला किती अधिकार असतो, याचे उत्तर या प्रकरणातून मिळाले, असे म्हणावे लागते.

पुढच्याच महिन्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांची सुटका करण्यास सरकारने नकार दिला. तेव्हा होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह अणे यांनी राजीनामा दिला. गांधीजींशी त्यांचे तात्त्विक मतभेद पंधरा वर्षांहून जुने होते, हे लक्षात घेतले म्हणजे या राजीनाम्याचे मोल कळते. त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून श्रीलंकेत गेले व १९४७ पर्यंत तेथे राहिले. चहाच्या मळ्यांतील भारतीय मजुरांच्या हक्कांचा प्रश्न तेथे प्रमुख होता.

स्वातंत्र्योत्तर काळ

मायदेशी परतल्यावर अणे संविधान सभेचे सदस्य झाले. जानेवारी १९४८ ते जून १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतंत्र विदर्भाचा पुरस्कार केला. ब्रिजलाल बियाणी यांच्याप्रमाणेच त्यांनीही राज्य पुनर्रचना आयोगापुढे ही मागणी मांडली. आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाच्या वेगळ्या राज्याची शिफारस केली होती, ती अंमलात आली नाही. १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६२ मध्ये ते नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. दुसऱ्या वेळी त्यांचे वय ८१ होते. त्यांचे नातू श्रीहरी अणे यांनी महाराष्ट्राचे महाधिवक्ता असताना हाच विषय उचलला व त्यावरून उठलेल्या वादात २०१६ साली पदाचा राजीनामा दिला.

साहित्य व सन्मान

१९२८ साली ग्वाल्हेर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अणे अध्यक्ष होते. उतारवयात त्यांनी ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे टिळकांचे चरित्र संस्कृत पद्यात रचले. हजारो श्लोकांचा हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले आणि १९७३ मध्ये या ग्रंथास संस्कृतसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. यवतमाळ येथील महिला महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.