घड्याळाच्या पाठीवरचा पुरावा

नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव, बिलोली, देगलूर या पट्ट्यात एखाद्या घरी वारशाने फ्रेंच घड्याळ आलेलं असेल, तर त्याच्याबरोबर एक कथाही येते. निजाम सरकारने बक्षीस दिलं, नाहीतर हैदराबादच्या कुण्या नवाबाने मैत्रीखातर पाठवलं. कथा खोटीच असते असं नाही. पण इतिहास लिहायचा तर कथेला शेवटी बोलवावं आणि आधी घड्याळालाच विचारावं.

विचारायची जागा म्हणजे घड्याळाची पाठ. तबकडीवरचं नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं, बनवणाऱ्याचं नसतं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातलं ते प्रसिद्ध संगीत-घड्याळ कलकत्त्याच्या कुक अँड केल्वीच्या नावाने ओळखलं जातं, पण त्याचे भाग इंग्लंडचे आहेत. फ्रान्समध्येही तीच रीत होती. फ्रेडरिक जापी यांनी १७७७ पासून स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या बोकूर गावी यंत्रांवर घड्याळाचे कच्चे सांगाडे करायला सुरुवात केली. पुढे अशा कारखान्यांतली यंत्रं पॅरिसला जात आणि तिथे ती कुणाच्या संगमरवरात, कुणाच्या सोनेरी मुलाम्याच्या पेटीत बसत.

म्हणून मागचं गोल झाकण उघडावं, लंबक अलगद काढून ठेवावा आणि पितळी पत्र्यावर तिरपा उजेड टाकावा. सहसा तिथे एक वाटोळा ठसा दिसतो. जापी बंधूंच्या ठशात १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या मोठ्या सन्मानपदकाचा उल्लेख असतो. एस. मार्टी कारखान्याच्या ठशात १८८९ चं रौप्यपदक किंवा १९०० चं सुवर्णपदक असतं. व्हिन्सेंटी कारखान्याच्या ठशात १८३४ चं रौप्यपदक. ही वर्षं घड्याळ बनल्याची नव्हेत, हे पक्कं लक्षात ठेवावं. पदक मिळाल्यावर कारखाना तोच ठसा वर्षानुवर्षं मारत राही. ‘या सालाच्या आधीचं हे घड्याळ असू शकत नाही’ एवढंच ठसा सांगतो, पण तेवढंही फार मोलाचं आहे.

ते मोल आपल्या भागात कसं कामी येतं पाहा. समजा, घरच्या वहीत घड्याळाच्या खरेदीची नोंद आहे, रक्कम निजामाच्या हाली सिक्क्यात आहे आणि साल लिहिलंय १३१०. हे साल हिजरी धरलं तर इसवी सन १८९२-९३ येतं. फसली धरलं तर ऑक्टोबर १९०० पासूनचं वर्ष येतं, कारण हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई. नुसत्या वहीवरून हा तिढा सुटणार नाही. पण पत्र्यावर १९०० चं सुवर्णपदक असेल तर हिजरीचा हिशोब तिथेच बाद होतो. त्याच सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग नांदेडवरून सुरू झाला होता. म्हणजे मुंबई बंदरात उतरलेला नाजूक माल नांदेडपर्यंत गाडीने येणं शक्य होतं. इथे ‘आला’ असं लिहू नये, ‘येणं शक्य होतं’ असंच लिहावं. पावती सापडेपर्यंत एवढाच आपला अधिकार.

ठसा पुसलेला असेल तर यंत्राची घडण बोलते. लंबक रेशमी दोऱ्यावर टांगलेला असेल तर घड्याळ बहुधा १८५० च्या आधीचं. तबकडीवर बाराजवळ लहान चौकोनी खुंटी असेल आणि ती फिरवून चाल कमीजास्त करता येत असेल, तर ती बहुधा आशील ब्रोको यांची पद्धत, म्हणजे घड्याळ दोऱ्याच्या काळानंतरचं. टोल मोजणारं खाचांचं चक्र मागच्या बाजूला असेल तर घडण जुन्या वळणाची. हे चक्र बारा तासांत तासांचे ७८ आणि अर्ध्या तासांचे १२, असे ९० टोल क्रमाने देतं. त्याला काट्यांची खबर नसते. टोल पूर्ण होऊ न देता काटे पुढे रेटले की घड्याळ तीन वाजता सात ठोके देतं आणि घरची मंडळी ते बिघडलं असं समजतात.

पत्र्याच्या खालच्या बाजूला ‘५ ४’ असे दोन सुटे आकडे दिसले तर ते लंबकाचं माप आहे: ५ पूस, ४ लीन्य. फ्रान्सने १८४० पासून मीटर सक्तीचा केला, तरी घड्याळजींनी जुनं माप सोडलं नाही. पूस म्हणजे सुमारे २७ मिलिमीटर आणि त्याचा बारावा भाग लीन्य. तेव्हा हा लंबक साधारण साडेचौदा सेंटिमीटरचा. लंबक हरवलेला असेल तर नवा करताना याच आकड्यापासून सुरुवात करावी. मूळ लंबक शिल्लक असेल तर त्याच्या गोळ्यावर बहुधा यंत्राचाच क्रमांक असतो. दोन्ही जुळले तर जोडी अस्सल.

दुरुस्तीच्या वेळी खरी काळजी हे पुरावे जपण्याची. आपल्याकडे पितळ दिसलं की हात चिंचेकडे जातो. चिंचेने मुलामा उतरतो, आणि काळी पेटी बेल्जियमच्या चुनखडी दगडाची असेल तर आंबटाने तिची झिलई कायमची जाते. यंत्रावर रॉकेल फवारून मळ निघत नाही, तो भोकांत जाऊन बसतो. यंत्र पूर्ण खोलून, भोकं लाकडी काडीने साफ करून, झिजलेली भोकं नव्या पितळी बुशने भरून मग घड्याळाचंच तेल थेंबभर द्यावं. खोलताना पत्र्यांची आतली बाजू पाहावी, कारण आधीच्या घड्याळजींनी तिथे नाव-तारीख खरवडून ठेवलेली असू शकते. मुख्य स्प्रिंगच्या टोकावर तर ती बनवणाऱ्याचं नाव आणि महिना-वर्षसुद्धा सापडतं. तसं काही मिळालं तर ते पदकाच्या सालापेक्षाही सरस. ती स्प्रिंग बदलावी लागली तरी टाकू नये. आणि जुनं यंत्र काढून त्या जागी सेलवरचं बसवणं म्हणजे दस्तऐवज फाडून नुसतं पाकीट ठेवणं होय.

घरात असं घड्याळ असेल तर घड्याळजीकडे नेण्याआधी मागच्या पत्र्याचे, तबकडीचे आणि लंबकाच्या क्रमांकाचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. मोडीतली किंवा उर्दूतली जुनी वही रद्दीत देऊ नका. ती वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून त्याच पेटीत परत ठेवा.