सार्वजनिक गणेशोत्सव : वर्गणी आणि प्रायोजन

गणेशोत्सवास बाजारी स्वरूप आल्याची तक्रार आता नित्याची झाली आहे. तथापि बाजार या उत्सवात अलीकडे बाहेरून शिरला, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. पुण्यात १८९२-९३ च्या सुमारास ज्यांनी सार्वजनिक गणपती बसविले, त्यांत दगडूशेठ हलवाई हे मिठाईचे व्यापारी होते; भाऊसाहेब जावळे यांना तर घरच्या रंगाच्या धंद्यावरूनच ‘रंगारी’ हे नाव पडले. मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. १९३२ मध्ये पेरू चाळीतील बाजार बंद पडला, तेव्हा उघड्यावर बसणाऱ्या कोळी व इतर विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला आणि जागा मिळाल्यावर १९३४ मध्ये लालबागेत गणपती बसविला. नवसच मुळी बाजारासाठी होता!

मग बदलले काय? याचे उत्तर मूर्तीच्या उंचीपेक्षा जमेच्या बाजूस लिहिल्या जाणाऱ्या शब्दांत अधिक स्पष्ट सापडते. ‘वर्गणी’ म्हणजे सामायिक खर्चातील प्रत्येकाचा वाटा. टिळकांनी ज्या ‘केसरी’तून या उत्सवाचा पुरस्कार केला, त्याचा नियमित ग्राहकही ‘वर्गणीदार’च म्हणविला जाई. देणगी देणारा उदार ठरतो. वर्गणी देणारा भागीदार ठरतो, मग त्याने चार आणेच का दिलेले असेनात. हिशेब विचारण्याचा अधिकार त्या चार आण्यांतच असतो. वर्गणी पुष्कळदा दटावूनही वसूल होई, हे अर्थात विसरून चालणार नाही.

गिरणगावात या वर्गणीचा आधार गिरणीचा पगार हा होता. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर तो आधारच ढासळला. त्याच सुमारास ‘प्रायोजक’ हा शब्द घरोघर पोहोचला. दूरदर्शनवर १९८४ मध्ये सुरू झालेली ‘हम लोग’ ही प्रायोजित मालिका त्यास कारण झाली. संस्कृतात ‘प्रयोजक’ म्हणजे कार्यास प्रवृत्त करणारा. मराठीत रूढ झालेला ‘प्रायोजक’ मात्र खर्च सोसून आपले नाव झळकवणारा होय. त्याला उत्सवात वाटा नको असतो. जमलेल्या लोकांची नजर हवी असते. रस्त्यावरील कमानी हे या व्यवहाराचे दृश्य रूप. पूर्वी विक्रेता भाविकाला फुले विकी. आता भाविकांची गर्दीच विक्रीस निघाली. वस्तुतः बदल आहे तो हाच.

गर्दीबरोबर जोखीमही वाढली. किंग्ज सर्कल येथील जीएसबी सेवा मंडळाने २०२४ मध्ये सुमारे ४०० कोटी रुपयांचा विमा उतरविला. २०२५ मध्ये शासनाने गणेशोत्सवास ‘राज्य महोत्सव’ म्हणून घोषित केले. त्यामुळे वर्गणीदार आणि प्रायोजक यांच्या जोडीस आता तिसरा यजमान आला आहे.

गल्लीबोळांतील लहान मंडळे अद्याप पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात. पावतीवर ‘वर्गणी’ हाच शब्द छापलेला असतो. पुष्कळ ठिकाणी त्याच पावतीच्या पाठीवर जाहिरात असते.